मोठ्या शहरात मुक्काम कुठे करावा? आधी परतीचा रस्ता तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्यांदाच एखाद्या अवाढव्य शहरात पाच रात्री राहायचं आहे. सोबत नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मध्यवस्तीत जागा घेतली तर खोल्या लहान मिळतात. तासभर लांब गेलं तर त्याच पैशांत ऐसपैस घर मिळतं. यातलं काय निवडावं? आणि लंडन, पॅरिस, टोकियो, कुठलंही शहर असलं तरी हे ठरवायचं कसं?

मी वीसेक वर्षं लोकांचे प्रवास आखून देते आहे. माझं मत आधीच सांगते. तुमच्यासोबत जी माणसं आहेत ती पाहता लांबचं ऐसपैस घर घेऊ नका. तुम्हाला अशी जागा हवी, जिथे दुपारी दोन वाजता परत येता येईल.

हॉटेल शोधताना आपण सगळे जाण्याचा विचार करतो. इथून संग्रहालय किती लांब, राजवाडा किती लांब. पण सकाळी ताज्यातवान्या निघालेल्या माणसाला पाऊण तासाचं काही वाटत नाही. जीव जातो तो रात्री साडेनऊला. पाय भरून आलेले असतात, मुलगी खांद्यावर झोपलेली असते, फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि अजून एक गाडी बदलायची बाकी असते. मुक्कामाची जागा निवडायची ती त्या वेळेचा विचार करून. सोबत लहान मूल आणि वयस्कर माणूस असेल तर दुपारचाही विचार करावा लागतो, कारण दुपारी दोन तास आडवं व्हायला मिळालं तरच त्यांची संध्याकाळ बरी जाते.

हे मला एकदा चांगलंच कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आईला घेऊन मी लंडनला गेले होते. हॉटेल स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर होतं आणि मी तेवढंच पाहिलं होतं. स्टेशनवर लिफ्ट नव्हती. हॉटेल म्हणजे रस्त्याकडेची जुनी, उंच, अरुंद घरं आतून एकमेकांना जोडलेली. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिथेही लिफ्ट नव्हती. तसं त्यांच्या पानावर खाली कुठेतरी लिहिलेलं होतं, माझ्याच नजरेतून सुटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्यातच बसली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काढलेली चप्पल. म्हणाली, ‘तू हो पुढे, मी येते सावकाश.’ त्यानंतरचे तीन दिवस ती सकाळी एकदा खाली उतरली की रात्रीपर्यंत वर यायचं नावच काढायची नाही. दमली तरी बागेतल्या बाकावर बसून राहायची, कारण दुपारी खोलीवर यायचं म्हणजे तोच जिना दिवसातून दोनदा चढायचा. ती सहल तिच्या गुडघ्यांनी आखली, मी नाही. तेव्हापासून मी कुणालाही जागा सुचवताना पहिली चौकशी जिन्याची करते.

आता पद्धत सांगते. हॉटेलाच्या पानावर ‘मध्यवस्तीपासून २५ मिनिटं’ असं असतं तेव्हा ती बहुतेक वेळा नुसती गाडीत बसलेली मिनिटं असतात. दारापासून दारापर्यंतचा हिशेब तुम्ही स्वतः करा. रस्त्यावरून फलाटापर्यंत उतरायला ६ मिनिटं, गाडीची वाट बघण्यात ५, गाडीत २५, मध्ये गाडी बदलायची असेल तर ८, उतरल्यावर वर रस्त्यावर यायला ४, तिथून चालत ९. झाली ५७. हाच हिशेब जवळच्या, थेट गाडी असलेल्या जागेसाठी केला तर २५ मिनिटांच्या आसपास येतो. फरक एका फेरीला ३२ मिनिटांचा. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर पाच दिवसांत ३२० मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. ऐन फिरण्याच्या वेळेतला अर्धा दिवस गेला. आणि ५७ मिनिटांच्या अंतरावरून दुपारी विश्रांतीला कुणीच परत येत नाही, हा तोटा तर या आकड्यात धरलेलाच नाही.

हा हिशेब फोनवरच्या नकाशात करता येतो, पण वेळ बदलून. आपण घरी बसून सकाळी शोधतो तेव्हा त्या शहरात कदाचित मध्यरात्र असते आणि नकाशा मध्यरात्रीच्या गाड्या दाखवतो. म्हणून ‘निघण्याची वेळ’ स्वतः भरा: एकदा मंगळवार सकाळी नऊ, एकदा रविवार रात्री साडेनऊ. रविवार मुद्दाम सांगते आहे. बऱ्याच शहरांत रुळांची दुरुस्ती शनिवार-रविवारी काढतात आणि तेव्हा एखादी लाइन अर्धी बंदच असते. दोन्ही वेळी रस्ता उलटा टाका, म्हणजे प्रेक्षणीय स्थळापासून हॉटेलकडे. उत्तरात एकदाही गाडी बदलावी लागत नसेल तर उत्तम. एक बदल असेल तर कुठल्या स्टेशनावर आहे ते बघा. दोन असतील तर ती जागा सोडून द्या.

यातच एक गोष्ट लक्षात ठेवा. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर जे ‘केंद्रापासून अंतर’ दिसतं ते बहुधा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये नदी, रेल्वेचं यार्ड किंवा टेकडी असली तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. उलटंही होतं. इस्तंबूलमध्ये उस्कुदार हे नकाशात थेट दुसऱ्या खंडात दिसतं, मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी. पण २०१३ मध्ये पाण्याखालून मार्मराय रेल्वे सुरू झाल्यापासून जुन्या शहराच्या कडेच्या सिर्केजीहून उस्कुदार हे फक्त पुढचं स्टेशन आहे. किलोमीटर विसरा, किती स्टेशनं आणि किती बदल ते मोजा.

प्रत्येक मोठ्या शहराची अशी एखादी किल्ली असते. ती सापडली की निम्मं काम होतं. टोकियोत ती यामानोते ही गोल फिरणारी लाइन आहे: ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. या रिंगवरच्या कुठल्याही स्टेशनाजवळ राहिलात तर शहराचा बहुतेक भाग आवाक्यात येतो. मात्र ‘शिंजुकूपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असेल तर कुठल्या दारापासून ते विचारा. त्या स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत आणि चुकीच्या दारातून बाहेर पडलात तर पाचाची वीस मिनिटं होतात. मी वयस्कर लोकांना तिथे मुद्दाम रिंगवरचं लहान स्टेशन सुचवते.

पॅरिसची किल्ली पिनकोडात आहे. शहराचे २० विभाग लूव्र संग्रहालयाच्या आसपासून गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर वळत जातात आणि पिनकोडाचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा क्रमांक. ७५००६ म्हणजे सहावा विभाग, ७५०२० म्हणजे विसावा. पत्त्याची सुरुवात ७५ ऐवजी ९२, ९३ किंवा ९४ ने झाली तर हॉटेलाच्या नावात पॅरिस असलं तरी ते शहराच्या हद्दीबाहेर आहे. हद्दीबाहेरचं म्हणजे वाईट असं मुळीच नाही. तिथवर मेट्रो थेट जात असेल तर चांगल्या जागाही मिळतात. पण आपण काय घेतो आहोत हे माहीत असलेलं बरं.

लंडनची किल्ली म्हणजे रेल्वेच्या तिकिटाचे झोन: मध्यवस्ती म्हणजे पहिला, त्याभोवती दुसरा, असे बाहेर जाणारे. लोकांना वाटतं पहिला झोन म्हणजे सगळ्यात सोयीचा. माझा अनुभव वेगळा आहे. दुसऱ्या झोनमध्ये, स्टेशनला लागून, थेट लाइनवरची जागा ही पहिल्या झोनमधल्या आडरस्त्यावरच्या जागेपेक्षा कितीतरी सोयीची पडते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनचे रस्ते चौकटीत आखलेले आहेत. उत्तर-दक्षिण चालताना साधारण वीस चौक म्हणजे एक मैल, पण पूर्व-पश्चिम चौक त्याच्या दोन-तीन पट लांब. त्यामुळे ‘फक्त तीन चौकांवर’ हे वाक्य कुठल्या दिशेने आहे ते आधी बघायचं.

आता जिन्यांकडे वळते, कारण तुमच्या बाबतीत खरी मेख इथेच आहे. जुन्या भुयारी रेल्वे या गुडघेदुखीचा विचार न करता बांधलेल्या आहेत. लंडनची १८६३ ची, पॅरिसची १९०० ची. लंडनच्या २७२ भुयारी स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणीच पायऱ्या न चढता बाहेर येता येतं. कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर लिफ्ट आहेत, पण त्यांच्यासमोरची रांग टाळायला जो गोल जिना आहे त्याला १९३ पायऱ्या आहेत. पॅरिसमध्ये पूर्णपणे लिफ्टची सोय असलेली मेट्रो लाइन एकच आहे, क्रमांक १४. बाकी जुन्या मार्गांवर पायऱ्या गृहीतच धरायच्या.

याचा उपाय म्हणजे हॉटेल निवडायच्या आधी लाइन निवडायची. लंडनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट किंवा उतार आहे आणि ती हीथ्रो विमानतळापासून थेट शहराच्या पोटातून जाते. सासूबाईंना घेऊन लंडनला जाणार असाल तर मी डोळे झाकून याच लाइनवरचं स्टेशन धरीन आणि मग त्याच्या आसपास खोली शोधीन. पॅरिसमध्ये १४ क्रमांकाची लाइन २०२४ पासून ओर्ली विमानतळापर्यंत जाते. तिच्याजवळ जागा मिळाली तर छान, नाहीतर हॉटेलासमोर बसचा थांबा आहे ना हे बघा. बसमध्ये चढायला एकच पायरी किंवा तीही नाही, बसायला जागा मिळते आणि खिडकीतून शहरही दिसतं. वयस्कर माणसांना बस फार आवडते. आपणच मेट्रोच्या मागे लागतो.

शेवटच्या गाडीची वेळही बघून ठेवा. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते, पण रात्री उशिरा गाड्यांमधलं अंतर खूप वाढतं. टोकियोत मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सगळं बंद होतं ते पहाटे साडेचार-पाचपर्यंत. लंडनमध्ये रात्रभर भुयारी गाड्या फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, त्याही पाचच लाइनींवर. तुमच्या घरचे साडेदहाला झोपणारे असतील तर याचा त्रास नाही. नाटक किंवा सामना बघायचा असेल त्या एका रात्रीपुरती टॅक्सी धरून चाला.

वस्ती कशी निवडावी यावर माझं मत जरा ठाम आहे. सगळ्यात गाजलेल्या चौकाला अगदी लागून राहू नका, त्याच्यापासून एक-दोन स्टेशनं बाजूला राहा. चौकात रात्री एकपर्यंत गलका असतो, पहाटे कचऱ्याच्या गाड्या येतात आणि सगळी दुकानं पर्यटकांसाठी असतात. दोन स्टेशनं पलीकडे तिथल्याच माणसांची वस्ती लागते. औषधाचं दुकान, किराणा, धोब्याची यंत्रं, मुलांच्या खेळायची बाग. पाच दिवसांत मुलीला ताप आला किंवा कपडे धुवायची वेळ आली की याची किंमत कळते. मोठ्या शहरांत कचेऱ्यांचे भागही असतात, लंडनमधलं सिटी किंवा पॅरिसजवळचं ला देफॉन्स. शनिवार-रविवारी तिथली हॉटेलं बऱ्याचदा स्वस्त होतात. झोपायला शांत असतात, मात्र संध्याकाळी रस्ते ओस पडतात आणि खाण्याची बरीच ठिकाणं बंद असतात. दोन तरुण माणसांना मी ती बेधडक सुचवते, तुम्हाला नाही सुचवणार.

जागा पक्की करण्याआधी स्टेशन ते हॉटेलचं दार हा रस्ता नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंमधून एकदा ‘चालून’ या. मी दर वेळी चालते. पदपथ आहे का, दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं चालतील का, चढ किती आहे, रस्त्यावर घरांची दारं-खिडक्या उघडतात की नुसतीच लांब भिंत आहे. भिंत दिसली की समजावं, रात्री इथे वर्दळ नसणार. फोटो कुठल्या वर्षाचा आहे तेही कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

खोलीचं क्षेत्रफळ लोक वाचत नाहीत, आणि मग दारात उभं राहून हळहळतात. १२ चौरस मीटर म्हणजे साधारण १३० चौरस फूट, आणि त्यात न्हाणीघरही आलं. दोन मोठ्या बॅगा उघड्या ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. चौघांना एका खोलीत घेणारी हॉटेलं जुन्या शहरांत कमीच असतात. दोन खोल्या घ्यायच्या असतील तर ‘शेजारच्या’ आणि ‘आतून दार असलेल्या’ यांतला फरक नीट विचारून घ्या आणि आतलं दार नक्की मिळेल असं लेखी मागा, कारण ‘विनंती नोंदवली आहे’ म्हणजे शब्द दिलेला नसतो. मजल्याची मोजणीही विचारा. युरोपात पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो, अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात.

घर भाड्याने घ्यावं का? स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र ही मूल सोबत असताना मोठी सोय आहे, हे मी मान्य करते. पण आधी त्या शहराचा नियम बघा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानाने नोंदणी करावी लागते, त्याच घरात हजर राहावं लागतं आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. म्हणजे तुमच्या चौघांसाठी तो रस्ता बंदच. बार्सिलोनाने पर्यटकांसाठीच्या घरांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. पॅरिसमध्ये जाहिरातीत नोंदणी क्रमांक असावा लागतो. क्रमांक नसेल तर ती जागा घेऊ नका, ऐन वेळी रद्द झाली तर चार माणसं आणि बॅगा घेऊन रस्त्यावर उभं राहायची पाळी तुमच्यावर येते. तुमच्या गरजेला मधला पर्याय जास्त जुळतो: लहान स्वयंपाकघर असलेलं, पण खाली चोवीस तास माणूस बसलेलं निवासी हॉटेल.

त्या माणसाचं महत्त्व पहिल्या आणि शेवटच्या दिवशी कळतं. लांबची विमानं पुष्कळदा पहाटे उतरतात आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. सामान ठेवून घेतात का, बसायला जागा आहे का, हे आधी विचारा. विमान फारच पहाटेचं असेल तर आदल्या रात्रीपासूनची खोली घेणं ही उधळपट्टी नाही. सासूबाईंसाठी मी हे आवर्जून करीन.

भाव बघताना रात्रीचं भाडं बघू नका, शेवटच्या पानावरचा सगळा मिळून आकडा बघा. युरोपातल्या अनेक शहरांत माणशी-रात्री किंवा भाड्याच्या टक्क्यांनी शहराचा कर असतो आणि तो पुष्कळदा तिथे गेल्यावर वेगळा भरावा लागतो. अमेरिकेत काही हॉटेलं ‘सुविधा शुल्क’ लावायची आणि ते शेवटी कळायचं. मे २०२५ पासून तिथल्या केंद्रीय नियमाने अशी सक्तीची शुल्कं पहिल्यापासून भाड्यात धरून दाखवावी लागतात. लांबच्या जागेच्या भाड्यात चौघांची रोजची तिकिटं आणि दोन टॅक्सी मिळवा, मग जवळच्या जागेशी तुलना करा. पुष्कळदा फरक निम्म्यावर येतो.

लोकांचे अभिप्राय वाचताना सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट दोन्ही बाजूला ठेवा. मधले, गेल्या सहा महिन्यांतले वाचा आणि त्यांत आवाज, लिफ्ट, जिना, गरम पाणी, पंखा हे शब्द शोधा. ‘लिफ्ट आहे, पण अर्ध्या मजल्यावर थांबते’ असं एखादंच वाक्य सापडतं आणि तेवढं पुरतं.

तुमच्यासाठी मी असं करीन. आधी शहर पक्कं करा, मग विमानतळावरून थेट येणारी आणि लिफ्ट असलेली लाइन शोधा, तिच्यावर मध्यवस्तीच्या कडेचं एखादं स्टेशन धरा आणि तिथून चालत आठ मिनिटांच्या आत दोन खोल्या किंवा निवासी हॉटेल बघा. रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतील असं आरक्षण आत्ताच करून ठेवा, थोडं महाग पडलं तरी. मग हॉटेलला एक पत्र लिहा: लिफ्ट आमच्या खोलीच्या मजल्यापर्यंत थेट जाते का, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, न्हाणीघरात टबात चढावं लागतं की सपाट फरशी आहे, आमच्या तारखांना शेजारी बांधकाम चालू असेल का. चार दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर दुसरी जागा शोधा. आणि फुकट रद्द करायची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची टाकून ठेवा, ती त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते.